काळी चार आणि सडपातळ गिटार

(दृश्य: गिटारचं ध्वनिछिद्र अगदी जवळून. अंगठा सर्वांत जाड तार छेडतो.)

गिटार वाजते तेव्हा तार वाजते, वरची फळी वाजते आणि पोटातली हवासुद्धा वाजते. त्या हवेचा स्वतःचा एक स्वर असतो. ड्रेडनॉट म्हणून ओळखली जाणारी मोठ्या पोटाची गिटार आपण सगळीकडे बघतो. तिच्यात हा स्वर साधारण १०० हर्ट्झच्या आसपास पडतो.

आता काळी चारचा, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीचा, हिशेब मांडू. गिटारच्या जाड तारेवर चौथ्या पडद्यावर (फ्रेटवर) बोट ठेवलं की १०४ हर्ट्झचा स्वर लागतो. तो काळी चारचा षड्ज. भावगीतं आणि नाट्यपदं गाणाऱ्या कितीतरी मुलींची हीच पट्टी. म्हणजे गाणारीच्या सा चा खालच्या सप्तकातला सा आणि गिटारच्या पोटाचा स्वर जवळजवळ एकाच जागी येऊन बसतात.

घरच्या ओसरीवर हे फार गोड लागतं. सा भरून येतो, गळ्याला आधार मिळतो. पण देवळाच्या मंडपात, पायाशी मॉनिटर, म्हणजे वाजवणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर, आणि दोन्ही बाजूंना स्पीकर असताना तोच सा उलटतो. स्पीकरचा आवाज पोटातल्या हवेला हलवतो, हवा फळीला हलवते, फळीची थरथर तारांखालच्या पिकअपमध्ये, म्हणजे थरथरीची वीज करणाऱ्या पट्टीत, उतरते आणि पिकअप ती पुन्हा स्पीकरकडे पाठवतो. हे चक्र एकदा सुरू झालं की घूं असा आवाज वाढतच जातो. मग साऊंडवाला गिटारचा आवाज इतका खाली ओढतो, की पुढचं सगळं गाणं वाजवणारीला स्वतःचं वादन ऐकू येत नाही.

सडपातळ अंगाची इलेक्ट्रो-अकूस्टिक गिटार याच अडचणीवरचा उपाय आहे. दुकानांत तिला सर्रास सेमी-अकूस्टिक म्हणतात. ती निवडायची कशी, हे आज गोव्यात बसून पाहू. इथला मंडप आणि इथला पाऊस, दोघांनाही या निवडीत मत आहे.

(दृश्य: चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, दिवसांत एका घरात चाललेली घुमट आरती. घुमट वाजवणाऱ्याचा डावा हात.)

हवेचा स्वर म्हणजे काय, हे गोव्यातल्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. घुमट घ्या. भाजलेल्या मातीचं मडकं, मोठ्या तोंडावर कातडं, मागचं लहान तोंड उघडं. पूर्वी कातडं घोरपडीचं असायचं. घोरपडीला कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे आता बकरीचं लावतात. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला. पण बघायचं ते वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताकडे. उजवा हात कातड्यावर थाप मारतो आणि डावा तळवा मागचं तोंड कधी झाकतो, कधी उघडतो. तेवढ्यावर थापेचा सगळा रंग पालटतो. मडकं लहान असेल तर घुमणं चढं, मोठं असेल तर खोल.

गिटारचं पोट याच नियमाने चालतं. हवा भरलेली पोकळी आणि तिला एक तोंड. पोकळी आकसली की घुमण्याचा स्वर वर सरकतो आणि खर्जाचा जोर ओसरतो. इतर काही न बदलता आतली हवा एक तृतीयांशाने कमी केली, तर गणिताप्रमाणे स्वर सुमारे २२ टक्क्यांनी चढतो. खऱ्या गिटारमध्ये लाकूडही हलत असल्याने आकडा इतका नेमका येत नाही, पण दिशा तीच राहते.

आकडे बघायचेच, तर यामाहाच्या दोन गिटार शेजारी ठेवू. एफजी ८०० ही मोठ्या पोटाची. तिची खोली १०० ते ११८ मिलिमीटर. एपीएक्स ६०० ही सडपातळ. तिची ८० ते ९०. फरक बोटाच्या जाडीइतका. पण तो फरक पोटाच्या अख्ख्या पसाऱ्यावर पसरलेला असतो, त्यामुळे हवेत बरीच तूट येते. शिवाय पहिलीच्या तारेची लांबी ६५० मिलिमीटर, दुसरीची ६३४. लांबी कमी म्हणजे ताण कमी. एका बोटाने सगळ्या तारा दाबायची बॅरे कॉर्ड धरताना डाव्या हाताला ते लगेच जाणवतं.

(दृश्य: फळीवरचा ब्रिज, त्यातून तारा टेकतात ती पट्टी, म्हणजे सॅडल, काढलेली. खाचेत पिकअपची बारीक पट्टी.)

तारांखालची ही पट्टी पिएझो स्फटिकाची. काही स्फटिकांवर दाब दिला की वीज निर्माण होते, हे ज्याक आणि पियरे क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवून दिलं. गिटारमध्ये हे तत्त्व रुजायला बराच काळ गेला. अमेरिकेत हेलिकॉप्टर बनवणाऱ्या चार्ल्स कामान यांनी १९६६ मध्ये ओव्हेशन गिटार काढली. तिची पाठ लाकडाऐवजी गोलसर कृत्रिम साहित्याची होती, आणि रंगमंचावर थेट वायर जोडून वाजवायच्या अकूस्टिक गिटारला तिथून बळ मिळालं. यामाहाची एपीएक्स मालिका १९८७ मध्ये आली. आज आयबानेझची एईजी, कोर्टची एसएफएक्स अशा इतरही सडपातळ मालिका बाजारात आहेत. कंपनीच्या नावावर मी फार वेळ घालवणार नाही. एकाच मालिकेतल्या दोन गिटारसुद्धा हातात वेगळ्या लागतात.

(दृश्य: पणजीतलं वाद्यांचं दुकान. भिंतीवर टांगलेल्या गिटार. फोंडा तालुक्यातली एक मुलगी आणि तिचा मामा.)

ही मुलगी सुगम संगीत गाते आणि स्वतःच गिटारवर साथ धरते. पट्टी काळी चार. पहिल्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकत्र दाबणारा चिमटा, लावते आणि जी कॉर्डचे आकार वापरते. मामा भजनी मंडळात पेटी वाजवतो. गिटार त्याला येत नाही, पण मंडपातले स्पीकर त्याने आयुष्यभर सोसले आहेत. अशा खरेदीला सोबत असाच माणूस हवा.

दुकानदाराने भिंतीवरची एक सडपातळ गिटार काढून दिली. मुलगी स्टुलावर बसली, दोन कॉर्ड वाजवल्या आणि तिचा चेहरा पडला. आवाज छोटा, खाली भरणा नाही. शेजारच्या ड्रेडनॉटपुढे ही अगदीच कृश वाटली.

सडपातळ गिटारवर सर्वांत मोठा अन्याय होतो तो इथेच. केबल न जोडता ती ऐकायची आणि नापसंत करायची. जी गिटार स्पीकरमधून बोलायला घडवली आहे, तिची परीक्षा स्पीकरमधूनच घ्यायला हवी. दुकानात गिटारसाठी खास बनवलेला लहान ॲम्प्लिफायर असतो. तो सगळ्यांनाच गोड करून दाखवतो. त्यापेक्षा मिक्सर आणि कार्यक्रमात लावतात तसला साधा पीए स्पीकर मिळाला तर तो मागा. मंडपात तोच भेटणार आहे.

"मामा, ही घेऊया?" केबल जोडल्यावर मुलीने विचारलं.

"थांब गं. आधी उभी राहा. पट्टा लाव. आणि वाजवू नकोस, गा."

मामाचं म्हणणं अगदी बरोबर होतं. बसून वाजवताना गिटार मांडीवर टेकते आणि सगळ्याच बऱ्या वाटतात. उभं राहिल्यावर खोल पोटाची गिटार उजव्या दंडाला बाहेर ढकलते, खांदा वर चढतो, आणि खांदा चढला की श्वास आखडतो. निव्वळ वादकाला हे चालून जाईल. गाणारीला नाही चालत. सडपातळ गिटार छातीशी बसते, कोपर खाली राहतं. तिने एक अख्खा अंतरा उभ्याने गायला तेव्हा दुकानातल्या आम्हा सगळ्यांना तो फरक ऐकू आला.

(दृश्य: डावा हात, जाड तार. एकेक पडदा चढत जाणारं बोट.)

आता जी कसोटी लावायची, ती माझ्या मते सर्वांत मोलाची. आवाज मंडपात लागेल तेवढा वाढवायचा, स्पीकरकडे तोंड करून उभं राहायचं आणि जाड तारेवर खुल्यापासून सातव्या पडद्यापर्यंत एकेक स्वर सावकाश वाजवायचा. बाकीचे स्वर येतात आणि विरतात. एक स्वर मात्र फुगतो, लांबतो, पोटावर ठेवलेल्या हाताला थरथर जाणवते. तो या गिटारचा घुमणारा स्वर. मग पाचव्या तारेवरही हेच करायचं. तो स्वर आपल्या पट्टीच्या सा किंवा पंचमावर येत असेल, तर ती गिटार कितीही देखणी असो, खाली ठेवावी. गाण्यात सगळ्यात जास्त वेळा जिथे टेकायचं, तिथेच ती ओरडणार.

दुकानातल्या ड्रेडनॉटचा घुमणारा स्वर चौथ्या पडद्याला आला. काळी चार. पहिली सडपातळ गिटार पाचव्या-सहाव्या पडद्यावर फुगली, आणि तिथेही तिचा आवाज ड्रेडनॉटइतका माजला नाही. दुसऱ्या सडपातळ गिटारचा फुगवटा सातव्या पडद्याच्या आसपास होता, पण तिची दुसरी तार बाकीच्यांपेक्षा कमी ऐकू येत होती. असं होतं तेव्हा बहुधा सॅडल पिकअपवर सगळीकडे सारखा टेकलेला नसतो. कारागीर सॅडल घासून ते दुरुस्त करतो. म्हणून सहाही तारा अंगठ्याने सारख्या जोराने छेडून ऐकाव्यात. त्याच वेळी केबलची पिन जॅकमध्ये किंचित हलवून बघावी आणि सगळी बटणं फिरवावीत. खरखर आली तर गिटार बदलून मागावी.

घुमणं उरतंच थोडंफार. त्यासाठी ध्वनिछिद्रात बसवायची रबरी चकती मिळते. घुमटवाल्याचा डावा तळवा जे करतो, तेच काम ती करते. काही सडपातळ गिटारचं छिद्र लंबगोल असतं, एपीएक्सचं तसंच आहे. गोल चकती त्यात बसत नाही, तेव्हा छिद्राचा आकार बघून घ्या. प्रीअँपवर, म्हणजे पिकअपचा आवाज वाढवणाऱ्या गिटारमधल्या यंत्रणेवर, फेजचं बटण किंवा नॉच असेल तर उत्तम. दोन्ही ते घूं दाबायला असतात. नसेल तर साऊंडवाल्याला १०० ते २०० हर्ट्झच्या पट्ट्यात थोडं खाली यायला सांगायचं. लांब केबलमधून आवाज स्वच्छ मिक्सरपर्यंत नेणारा डीआय बॉक्स आहे का, हेही आधीच विचारून ठेवायचं. पिएझोचा आवाज मुळात जरा कोरडा आणि टोकदार. मधल्या पट्टीचं बटण थोडं कमी केलं की तो बराच निवळतो.

(दृश्य: जुलै. कौलांवरून ओतणारं पाणी. कोनाड्यात उभी केलेली गिटार.)

राहिला पाऊस. पणजीत वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पडतो, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. गिटारच्या लाकडाला हवेत ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. इथे पावसाळ्यात ती ८०-९० च्या घरात जाते. लाकूड पाणी पितं, ब्रिजच्या मागे फळी फुगते, तारा पडद्यांपासून वर उचलल्या जातात आणि बोटं दुखू लागतात. आणि गोव्यात गाण्याबजावण्याचा मोठा हंगाम म्हणजे चवथ, ती नेमकी याच ओलाव्यात येते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, आणि ते काही वादकांना पटणार नाही. मंडपासाठी सडपातळ गिटार घेताना अखंड लाकडाच्या फळीसाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत. अखंड फळीचं वैभव मोठ्या पोटात, केबल न जोडता, शांत खोलीत कळतं. सडपातळ अंगात आणि पिएझोमधून त्यातलं थोडंच पोचतं. थरांची, म्हणजे प्लायची फळी, उलटसुलट रेषांमुळे दमटपणात कमी हलते. वाचलेले पैसे चांगल्या प्रीअँपवर घालावेत आणि गिटार ठेवायच्या टणक पेटीवर. त्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवावा. पावसात बाहेरच्या भिंतीला टेकवून गिटार ठेवू नये.

दुकानात तारांची उंचीही बघून घ्यावी. बाराव्या पडद्यावर जाड तार अडीच मिलिमीटर आणि बारीक तार दोनच्या आसपास असली तर हात सुखात राहतो. उन्हाळ्यात घेतलेली गिटार याहून उंच असेल तर जुलैत ती आणखी चढेल.

खारी हवा तारांनाही खाते. लेप दिलेल्या तारा महाग पडतात, पण किनाऱ्याजवळ त्या बऱ्याच जास्त टिकतात. वाजवून झाल्यावर सुती फडक्याने पुसायचं, तारांच्या खालच्या बाजूनेही. प्रीअँपला बहुतेक ठिकाणी ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लागते, काहींत पेन्सिल सेल. केबल जॅकमध्ये राहिली की प्रीअँप चालूच राहतो आणि बॅटरी उतरत जाते. महिनाभर वाजवणार नसाल तर बॅटरी काढून ठेवा. तिच्या पत्र्यांवर हिरवट थर चढायला इथे वेळ लागत नाही.

(दृश्य: पुन्हा दुकान. मुलगी ड्रेडनॉट हातात घेते.)

जो घरी वाजवतो, मित्रांत वाजवतो, ज्याला स्पीकर क्वचितच भेटतो, त्याने सडपातळ गिटारच्या वाटेला जाऊ नये. खोल पोटाचा तो भरणा दुसऱ्या कशाने मिळत नाही. या मुलीलाही तो आवडलाच. ड्रेडनॉट तिने बराच वेळ खाली ठेवली नाही. पण तिच्यापुढे चवथीचे कार्यक्रम होते, शेजारी तबला आणि पेटी, समोर मॉनिटर. तिने पहिली सडपातळ गिटार घेतली, जिचा फुगवटा काळी चारच्या वर होता.

मामाने दुकानदाराला ०.०११ च्या, म्हणजे सर्वांत बारीक तार ०.०११ इंच जाडीची असलेल्या संचातल्या, लेप दिलेल्या तारा चढवून, बाराव्या पडद्यावरची उंची मोजून द्यायला सांगितलं. बिलात दोन जादा बॅटऱ्या घातल्या.