लोंबीच्या बुडाचे दाणे

गोव्यातला पेडणे तालुका, शापोरा नदीचा काठ. सरदीचं, म्हणजे पावसाळी हंगामाचं, भात निसवलंय. सकाळी ऊन वर आलं की लोंबीवरची फुलं उघडतात आणि तास-दीड तासात मिटतात. तेवढ्यात परागकण पडला, तरच तिथे दाणा धरणार.

लोंबी शेंड्याकडून खाली फुलत येते. टोकाचं फूल आणि बुडाचं फूल यांत पाच-सात दिवस जातात. मळणीनंतर भात वारवताना जे पळंज, म्हणजे न भरलेले पोकळ दाणे, उडतं, त्यात या बुडाच्या दाण्यांचा वाटा मोठा. खत तेच, पाणी तेच, रोपही एकच; तरी वरचा दाणा टपोरा आणि खालचा पोकळ.

हा भेद संप्रेरकांमुळे, म्हणजे रोपातल्या हार्मोन्समुळे, पडतो. फलनानंतर पहिल्या काही दिवसांत दाण्यातलं सायटोकायनिन वाढतं आणि पेशी भराभर विभागतात. पेशी जितक्या जास्त, तितका पुढे स्टार्च मावणार. म्हणजे तांदळाचं माप त्या कोवळ्या दिवसांतच ठरतं. मग ॲब्सिसिक आम्लाचं काम सुरू होतं: पानांत तयार झालेली साखर दाण्याकडे वळते, तिचा स्टार्च होतो. या कामाला आडवं येतं इथिलीन, केळी पिकवणारा तोच वायू. उशिरा फुललेल्या बुडाच्या दाण्यांत तो जास्त असतो आणि त्यांचं भरणं रेंगाळतं.

२००५ साली जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं, की सायटोकायनिन मोडणारं विकर (एन्झाइम) कमी बनलं तर लोंबीला दाणे जास्त लागतात. शोध फार मोठा. पण शेतकऱ्याच्या कणगीत संख्या जात नाही, भरलेला दाणा जातो. खरी मेहनत बुडाच्या दाण्यांवर व्हायला हवी, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

त्यात पाण्याचा हात आहे. दाणे भरताना शेत किंचित सुकू देऊन पुन्हा भिजवलं, तर ॲब्सिसिक आम्ल इथिलीनवर मात करतं आणि खालचे दाणेही भरतात. मात्र जमिनीला भेगा पडू द्यायच्या नाहीत. फार ताण बसला तर उलटच होतं. वायंगणात, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भातात, पाणी हाताशी असताना, हे जमण्याजोगं आहे.

सरदीत सगळं पावसावर. पिकलेलं भात आडवं होऊन दिवसच्या दिवस भिजत राहिलं, की दाण्याला झोपवून ठेवणारं ॲब्सिसिक आम्ल ओसरतं, उगवण घडवणारं संप्रेरक जिबरेलिन जोर धरतं, साठलेला स्टार्च विरघळू लागतो आणि लोंबीतच मोड फुटतात. अशा वेळी उघाड मिळताच आडवं पडलेलं भात आधी कापायचं, उभं मागाहून.