चार इंचीच्या आत दीड इंची

(दृश्य : कामठी रोड, सकाळ. शटर वर जातं. बाजूला टांगलेले गंजके सायलेन्सर.)

नागपुरात कामठी रोडवर, ऑटोमोटिव्ह चौकाच्या अल्याड-पल्याड, गाड्यांची कामं करणारी दुकानं एकाला एक लागून आहेत. कोणी पाटे बांधतं, कोणी रेडिएटर झाळतं, कोणी नुसती सीट कव्हरं शिवतं. या दुकानात सायलेन्सरची कामं होतात. नावाची पाटी नाही. टांगलेले फुटके डबे पाहून गिऱ्हाईक थांबतं.

(दृश्य : जीप. बॉनेट उघडं.)

आतली गाडी जुनी पेट्रोल जीप आहे, मागे पिकअपची बॉडी. इंजिन हरिकेन, चार सिलेंडर, २.२ लिटर. अमेरिकेत विलीजने काढलं, इकडे महिंद्राच्या जीपांमध्ये वर्षानुवर्षं बसत राहिलं. गाडीच्या मालकाची काटोलकडे संत्र्याची बाग आहे. झाडापासून बांधापर्यंत क्रेट वाहायचे, एवढंच या जीपचं काम. आता त्याला केबिनच्या मागे दोन उभे सायलेन्सर हवे आहेत. चमकणारे. टपाच्या वर जाणारे.

उभा सायलेन्सर विदर्भाला काही नवा नाही. नागपुरात हिंगणा एमआयडीसीतच ट्रॅक्टर तयार होतात, आणि त्यांचा सायलेन्सर बॉनेटमधून सरळ वर जातो. पण ट्रॅक्टरचं इंजिन डिझेलचं, पाइप आखूड, आणि काम साधं. पेट्रोल जीपच्या पोटाखालून मागे न्यायचं, केबिनच्या पाठीशी वळवायचं आणि मग वर चढवायचं, हा निराळा खेळ आहे.

(दृश्य : अमेरिकन ट्रकांची जुनी छायाचित्रं.)

अमेरिकेतल्या मोठ्या ट्रकांची धुराडी वर गेली त्याला कारण होतं. मागे लांबलचक ट्रेलर, खाली जागेची अडचण, आणि शेजारच्या गाडीच्या खिडकीत धूर जायला नको. पिकअपला यातलं एकही कारण लागू नाही. तरीही १९७८ साली डॉज कंपनीने ‘लिल रेड एक्सप्रेस’ नावाचा लालभडक पिकअप विकायला काढला, तोही पेट्रोलवर. ३६० घनइंचांचं व्ही-८ इंजिन, २२५ अश्वशक्ती, आणि केबिनच्या मागे क्रोमची दोन धुराडी, थेट कारखान्यातूनच लावून आलेली. त्या वर्षी २,१८८ गाड्या बनल्या, १९७९ मध्ये ५,११८. पहिल्या वर्षीच्या गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातलं विष कमी करणारा डबा, नव्हता, कारण मालासकट ६,००० पौंडांवर वजन धरलेल्या पिकअपना तेव्हा सूट होती. पुढच्या वर्षी सूट गेली, कन्व्हर्टर आला, आणि त्यानंतर गाडीच बंद झाली. हौस तेवढी उरली.

(दृश्य : मिस्त्री फरशीवर खडूने गोल काढतो.)

मालकाला पाइप हवा चार इंची. फोटोत तसाच होता म्हणून.

मिस्त्री म्हणतो, “भाऊ, चार इंची टाकला तं गाडीचा दमच जाईन ना!”

दम का जाईल, ते खडूच्या गोलांत दिसतं. इंजिनातून धूर सलग येत नाही, ठोक्याठोक्याने येतो. पाइपातून वेगात गेलेला एक ठोका मागच्याला ओढून घेतो. पाइप फार रुंद झाला की वेग पडतो, ओढ संपते, आणि कमी आरपीएमला गाडी रडते. टर्बो डिझेलचं तसं नसतं. धुराच्या जोरावर फिरणाऱ्या टर्बोच्या पंख्याने ते ठोके आधीच मोडलेले असतात, पुढे पाइप कितीही मोठा चालतो. मिस्त्री याला ‘बॅकप्रेशर लागतं’ म्हणतो, म्हणजे धुराला थोडा उलटा दाब हवा. इंजिनियर लोक या शब्दावर वाद घालतील. पाइपाचं माप मात्र दोघांचं सारखंच निघतं.

जीपचा मूळ पाइप दोन इंची. त्याचं तोंड ३.१४ चौरस इंच. चार इंचीचे दोन लावले तर तोंड आठपट होतं, म्हणजे वेग राहिला एक अष्टमांश. दीड इंचीचे दोन लावले तर ३.५३ चौरस इंच. जवळपास तेवढंच. चारही सिलेंडरचा धूर मॅनिफोल्डमध्ये एकत्र येतो आणि तिथून एकच पाइप निघतो, म्हणून डब्यानंतर वाय, म्हणजे दोन फाट्यांचा जोड, मारायचा आणि दोन्हीकडे दीड इंची न्यायचा. खरं सांगायचं तर चार सिलेंडरला दुसऱ्या पाइपाची गरजच नाही. पण एकच लावला तर मालक हिरमुसेल.

मग चार इंचीचं काय? ते बाहेरून. दीड इंची पाइप आत उभा राहणार, त्याच्यावर चार इंचीची चकचकीत नळी नुसती घातलेली, मधे हवा. धूर आतून जातो, फोटो बाहेरच्याचा निघतो. आणि मधल्या हवेमुळे बाहेरची नळी कमी तापते. दुकानातली ही सगळ्यात हुशार गोष्ट आहे, आणि काम पुरं झाल्यावर ती कोणालाच दिसणार नाही.

(दृश्य : वाळू. लाकडी गुट्टा. गॅसचा जाळ. हा शॉट लांब ठेवणे.)

आता वळण. नवीन दुकानांत पाइप वाकवायचं मशीन असतं. इथे वाळू आहे, कन्हान नदीची, चाळलेली. एका टोकाला लाकडी गुट्टा ठोकतात, दुसऱ्या टोकातून वाळू ओततात, आणि पाइप हातोडीने ठोकत राहतात. ठोकलं की वाळू खाली बसते, पुन्हा ओततात. आवाज पोकळ येत होता, तो भरीव होईपर्यंत हे चालतं. मग दुसरा गुट्टा.

वाळू आधी तव्यावर भाजून घेतलेली आहे. ओली राहिली तर आत वाफ धरते आणि गुट्टा गोळीसारखा सुटतो. समोरच्या भिंतीवर त्याची एक जुनी खूण आहे.

जाळ एका जागी धरत नाहीत. बाहेरच्या अंगाला जास्त, आतल्या अंगाला कमी. पाइप आधी निळसर होतो, मग काळपट, मग लाल. लाल झाला की पोऱ्या लांबचं टोक ओढतो आणि मिस्त्री वळणावर ओल्या फडक्याचं पाणी टेकवतो. जिथे पाणी लागलं तिथे लोखंड अडतं, बाकीचं वाकतं. त्यामुळे वळण हव्या त्या जागीच बसतं. तो कोन मोजत नाही. जमिनीवर वाकवलेली सळई ठेवलीय, तिच्याशी डोळ्याने ताडून पाहतो.

“अजून थोडं... थोडं... बस बे!”

गुट्टे काढून वाळू सांडतात. वळणाला एक सुरकुती नाही. आत बोट फिरवून मिस्त्री ते तपासतो. वीस वर्षं हेच काम करणाऱ्या हाताला कोणी प्रमाणपत्र दिलेलं नाही, आणि त्याने मागितलेलंही नाही.

पाइप साधा काळा लोखंडी आहे. जस्त चढवलेला पाण्याचा पाइप कोपऱ्यात फुकट पडलाय, पण त्याला हात लावत नाहीत. वेल्डिंग केलं की जस्ताचा पांढरा धूर निघतो आणि रात्री अंगात ताप भरतो.

(दृश्य : जीपखालून. बेलो, क्लॅम्प, रबर बुश.)

इंजिन रबरावर डुलतं, मागची बॉडी आपल्या तालात हलते. मधला पाइप कडक ठेवला तर पहिल्या खड्ड्यात वेल्डिंग तडकतं. म्हणून मधे जाळीचा बेलो, म्हणजे लवचीक तुकडा. आणि उभ्या पाइपाच्या ब्रॅकेटला गोल भोक नाही, लांबट आहे. अडीच मीटरचा लोखंडी पाइप ३०० अंशांनी तापला की नऊ मिलीमीटर वाढतो. त्याला वाढायला जागा नाही दिली, तर तो ब्रॅकेटलाच ओढतो.

पेट्रोलची नळी बाजूने जाते. केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात की धुराचा पाइप इंधनाच्या नळीपासून ३५ मिलीमीटरच्या आत नको. मिस्त्रीला नियमाचा क्रमांक माहीत नाही. तो मधे दोन बोटं घालून पाहतो, ती सहज गेली तर पाइप पक्का करतो. दोन जाड बोटं म्हणजे ३५ मिलीमीटर होतातच.

(दृश्य : खालच्या एल्बोला ड्रिल.)

एक लिटर पेट्रोल जळालं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. पाइप तापलेला असेल तर ती वाफ निघून जाते. सकाळी थंड इंजिन चालू केलं की आतच तिचं पाणी होतं. आडव्या सायलेन्सरमधून ते मागे टपकतं. उभ्यात ते वर कसं जाणार? खाली उतरतं आणि एल्बोत, म्हणजे खालच्या वळणात, साचतं. वरून नागपूरचा पाऊस, वर्षाला साधारण ११०० मिलीमीटर, त्याच भांड्यात. म्हणून सगळ्यात खालच्या जागी तीन मिलीमीटरचं भोक. एवढं विसरलं तर एल्बो सडतो आणि लोक वेल्डरला शिव्या घालतात.

वरच्या तोंडाला ट्रॅक्टरसारखं फडफडतं झाकण लावू, असं मिस्त्रीने सुचवलं होतं. मालक म्हणाला, मग ट्रॅक्टरच दिसेल. शेवटी तोंड मागे वळवून तिरकं कापलं.

(दृश्य : बफिंग, पहिला स्टार्ट.)

टपापासून हातभर वर तोंड आहे, कारण चालत्या गाडीच्या केबिनमागे हवा खाली ओढली जाते आणि पेट्रोलच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो, ना त्याला वास येतो.

डबा तसाच ठेवलाय. तो काढला असता तर चार सिलेंडरचा आवाज फाटका आला असता. आता आवाज जाड आहे, कानाच्या उंचीवर आहे, आणि आम्हाला तो आवडला.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली असा बदल रस्त्यावरच्या गाडीत करता येत नाही. कलम १८२-अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. ही जीप बागेच्या कुंपणाबाहेर जायची नाही. आलीही होती छोट्या ट्रकवर चढून, जाणारही तशीच.

(दृश्य : जीप ट्रकवर चढते.)

पहिल्यांदा तापून गार झालं की क्लॅम्प सैल पडतात. मिस्त्रीने बघायचे बोल्ट खडूने खुणा करून दाखवले आहेत, आणि एक तेरा नंबरचा पाना मालकाच्या हातात दिला आहे. पाना परत पाहिजे, हेही दोनदा सांगितलं.

दुकानात पुढची गाडी लागली आहे. जुनी व्हॅन, डबा फुटलेला. हिचा मालक उतरतानाच म्हणतो, “माह्या गाडीले उभं-फिभं काही नोको लावू भाऊ. जसा होता तसा करून दे.”