शॉकअपमधून ऑईल गळतेय? सील बदलण्याआधी रॉड तपासा

नमस्कार मंडळी. मेन स्टँडवर उभ्या असलेल्या या १५० सीसीच्या गाडीचा पुढचा डावा शॉकअप जरा जवळून पाहा. डस्ट सीलच्या (धूळ अडवणाऱ्या बाहेरच्या रबरी कड्याच्या) वर, चकचकीत रॉडवर ऑईलचे ओलसर कडे उमटले आहे आणि त्यावर धूळ चिकटून काळा लगदा झाला आहे. डिस्क याच बाजूला असेल, तर आधी ब्रेकपॅड तपासा, कारण पॅडने एकदा ऑईल शोषले की ब्रेक नीट लागत नाही आणि ते पॅड बदलावेच लागतात.

गॅरेजमध्ये यावर एकच उत्तर मिळते: ‘सील गेले, बदलून टाकू.’ मीही पूर्वी तेच करत असे. एकदा नवे ऑईल सील (डस्ट सीलखालचे, ऑईल आत धरून ठेवणारे सील) बसवूनही महिन्याभरात तोच शॉकअप पुन्हा ओला झाला, तेव्हा कुठे लक्षात आले की दोष सीलमध्ये नव्हताच, रॉडवर होता. म्हणून पाना हातात घेण्याआधी रॉड स्वच्छ पुसा आणि त्यावरून नख वरून खाली आणि गोल फिरवा. नख अडखळले नाही, तरी कापसाचा बोळा फिरवून पाहा. गंजाचा बारीकसा खड्डा असेल, तर कापसाचे तंतू तिथे अडकतात. पावसाळ्यात चिखल वाळून राहिलेल्या आणि कोकणच्या खाऱ्या हवेत उभ्या असणाऱ्या गाड्यांवर असे खड्डे हमखास सापडतात. सीलची ओठासारखी पातळ कड प्रत्येक धक्क्याला या खड्ड्यांवरून घासत राहते, त्यामुळे नवे सीलही फार काळ टिकत नाही.

खरचटल्यामुळे वर आलेली धार हजार नंबरच्या वॉटर पेपरने, ऑईल लावून, हळूच मोडता येते. खड्डा मात्र घासून जात नाही. तो सील सरकते त्या पट्ट्यात असेल, तर रॉड बदलणे किंवा पुन्हा क्रोम करून घेणे हाच प्रामाणिक उपाय आहे.

रॉड गुळगुळीत निघाला, तर सीलखाली माती अडकल्याची शक्यता मोठी असते. डस्ट सील अलगद वर सरकवा, जुन्या एक्स-रे फिल्मची बोटभर पट्टी कापून तिच्या टोकाला लहान आकडा करा, ती ऑईल सीलच्या कडेखाली घालून पूर्ण गोल फिरवा आणि मग पुढचा ब्रेक दाबून शॉकअप दहा-बारा वेळा दाबा. कित्येकदा गळती इथेच थांबते.

थांबली नाही, तर सील बदलायचे, आणि तेही दोन्ही बाजूंचे. कॅलिपर (ब्रेकपॅड धरून ठेवणारा भाग) काढून तारेने टांगा, ब्रेकच्या होजवर (रबरी नळीवर) त्याचा भार येऊ देऊ नका. वरचे झाकण, शॉकअप टीमध्ये (हँडलखाली दोन्ही शॉकअप धरून ठेवणाऱ्या भागात) घट्ट असतानाच सैल करून ठेवा. पुढे ते पूर्ण काढताना स्प्रिंगचा दाब हाताने धरून ठेवावा लागतो. जुने सील उपटताना स्क्रू ड्रायव्हर सीलच्या घराला (सील बसते त्या खोबणीला) लागू देऊ नका, कारण तिथला ओरखडाही पुढे गळतो.

नवे सील घालताना रॉडच्या टोकावर प्लास्टिकची पिशवी चढवा, तिला ऑईल लावा आणि सील तिच्यावरून सरकवा, म्हणजे रॉडच्या धारेने कड कापली जात नाही. सीलमधली बारीक स्प्रिंग दिसते ती बाजू खाली, ऑईलकडे ठेवा. ठोकण्यासाठी योग्य मापाचा पीव्हीसी पाइप पुरतो, आणि सीलला वरून अडवून ठेवणाऱ्या लॉकची खाच पूर्ण गोल दिसेपर्यंत सील खाली गेले पाहिजे.

फोर्क ऑईल (शॉकअपमधले ऑईल) मॅन्युअलमध्ये दिले आहे तेवढेच, दोन्हीकडे सारखे मोजून भरा. जास्त भरले, तर वरच्या हवेला जागा कमी पडते, दाब वाढतो आणि तोच दाब सीलला बाहेर ढकलतो. चाक बसवल्यावर एक्सल घट्ट करा, पण त्याचा क्लॅम्प बोल्ट आवळण्याआधी शॉकअप काही वेळा दाबून घ्या, म्हणजे दोन्ही रॉड एका रेषेत बसतात. मग पन्नासएक किलोमीटर चालवून रॉडवरून कोरडे फडके फिरवा: पुसटसा तेलकटपणा चालेल, पण ओले कडे पुन्हा दिसले, तर नख परत रॉडवर फिरवायचे.