वेगळं राहायचंय, पण घटस्फोट नको

घटस्फोटाबद्दल सगळ्यांना सगळं माहीत असतं. निदान तसं वाटत तरी असतं. पोटगी किती मिळते, सहा महिने थांबावं लागतं का, मूल कुणाकडे जातं. पण १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाच्या कलम १३च्या अलीकडे कलम १० आहे, न्यायिक विभक्ततेचं. त्याची आपणहून चौकशी करणारं माणूस मला क्वचितच भेटतं. भेटलंच तर बहुतेकदा कुणाच्या तरी सांगण्यावरून अर्धवट समजूत घेऊन आलेलं असतं. म्हणून आज त्याविषयी. आजचं बोलणं हिंदू विवाह कायद्यापुरतंच आहे. गोव्यातला कायदा निराळा, तो आज नको.

न्यायिक विभक्ततेच्या डिक्रीनं, म्हणजे कोर्टाच्या हुकुमानं, लग्न मोडत नाही. मात्र एकत्र नांदण्याचं बंधन सुटतं. नवरा-बायको कायद्यानं नवरा-बायकोच राहतात. दोघांपैकी कुणी दुसरं लग्न केलं, तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली गुन्हा होतो. नवरा मृत्युपत्र न करता गेला, तर बायको वारस असते, पहिल्या वर्गातली. पोटगी मागता येते, हंगामी आणि कायमची, दोन्ही. मुलांच्या ताब्याचे आदेशही याच अर्जात होतात. आणखी एक गोष्ट बायकांना मी मुद्दाम सांगते: वेगळ्या राहणाऱ्या बायकोवर नवऱ्यानं तिच्या संमतीशिवाय शरीरसंबंध लादले, तर संहितेच्या कलम ६७ प्रमाणे त्याला किमान दोन वर्षं शिक्षा आहे. एका घरात नांदणाऱ्या बायकोला हे संरक्षण आपला कायदा अजून देत नाही. यावर माझं मत काय असेल ते तुम्ही ओळखलंच असेल.

कारणं मात्र घटस्फोटाचीच लागतात: क्रूरता, व्यभिचार, दोन वर्षं टाकून देणं वगैरे. १९७६च्या दुरुस्तीनं दोन्हींची कारणं एकच केली. म्हणजे 'हे सोपं असेल, पुरावा कमी लागेल' या आशेनं येऊ नका. साक्ष द्यावी लागते, उलटतपासणी होते, तारखा पडायच्या तेवढ्या पडतात.

मग हे घेतं कोण? लग्नाला वर्ष व्हायच्या आत घटस्फोटाचा अर्ज सहसा करता येत नाही. कलम १०ला ती अट नाही. काहींना घटस्फोट धर्मानं किंवा मनानं पटत नाही. काहींना नवऱ्याच्या नोकरीतला मेडिक्लेम किंवा पुढची फॅमिली पेन्शन सोडायची नसते. त्यात गैर काही नाही, फक्त त्या-त्या योजनेचे नियम आधी वाचा. आणि पुष्कळदा बाई समोर बसून एवढंच म्हणते, "मॅडम, मला नांदायचं नाही. पण सोडचिठ्ठीही नको. त्याला मोकळा कशाला करू?"

इथंच मी पेन खाली ठेवते. कारण कलम १३चं पोटकलम १-अ तिला कुणी सांगितलेलं नसतं. विभक्ततेची डिक्री झाल्यावर एक वर्षात दोघं पुन्हा एकत्र आले नाहीत, तर घटस्फोटाचा अर्ज दोघांपैकी कुणीही करू शकतो. डिक्री जिनं मिळवली तीही, आणि ती ज्याच्याविरुद्ध झाली तो नवराही. म्हणजे 'त्याला मोकळा करायचा नाही' म्हणून जी बाई दोन-तीन वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवते, तीच त्याच्या सुटकेचा रस्ता आखून देते. त्याला तिच्यात दोष दाखवावा लागत नाही. वर्षभर एकत्र राहिलो नाही, एवढं दाखवलं की बहुतेकदा काम भागतं.

बहुतेकदा म्हणाले, कारण त्याला एक अडसर आहे. सर्वोच्च न्यायालयापुढं २००१ साली असं एक प्रकरण आलं होतं. नवऱ्याच्या व्यभिचारामुळं बायकोला विभक्ततेची डिक्री मिळाली होती. नवऱ्यानं पोटगीचा आदेश पाळला नाही, दुसऱ्या बाईबरोबर राहणंही सोडलं नाही, आणि वर वर्षाची मुदत दाखवून घटस्फोट मागितला. न्यायालयानं दिला नाही. स्वतःच्या चुकीचा फायदा घेता येणार नाही, हे कलम २३चं तत्त्व तिथं लागलं. पण नुसतं 'तो परत आला नाही' एवढ्यावर हा बचाव उभा राहत नाही. त्याच्या भरवशावर निर्णय घेऊ नका.

उलट बाजूही असते. घटस्फोट मागायला जावं आणि न्यायाधीशांनी विभक्तता देऊन पाठवावं, अशी मुभा कलम १३-अ मध्ये आहे. थोडीच कारणं तिच्यातून वगळलेली आहेत.

अमेरिकेत मेरीलँड राज्यात याचीच चुलत बहीण होती, 'लिमिटेड डिव्होर्स'. १ ऑक्टोबर २०२३पासून त्यांनी ती काढून टाकली. तिकडं राहणाऱ्या भाच्या-पुतण्यांनी जुनी माहिती वाचून सल्ला दिला, तर ही तारीख ध्यानात असू द्या. आपल्याकडचं कलम १० काढून टाकावं असं मला वाटत नाही. ते समजून न घेता वापरलं जातं, तक्रार तेवढीच आहे.

आता स्टँपपेपर. गावाकडं अजून चालतं: चार माणसं बसवायची, नोटरीचा शिक्का घ्यायचा आणि लिहायचं, 'आम्ही उभयता राजीखुशीने विभक्त राहत आहोत, एकमेकांवर काही हक्क नाही.' जिथं रूढी सिद्ध करता येते ते समाज सोडले, तर अशा कागदानं घटस्फोट होत नाही आणि विभक्ततेची डिक्रीही होत नाही. त्यात 'राजीखुशीने' हा शब्द बाईच्या मुळावर येतो. पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, त्यात स्पष्ट लिहिलंय की परस्परसंमतीनं वेगळं राहणाऱ्या बायकोला त्या कलमाखाली पोटगी मिळत नाही. मारहाण होऊन माहेरी आलेली बाई भाऊ म्हणाला म्हणून सही करते, आणि पुढं समोरचा वकील तोच कागद हसतमुखानं दाखल करतो.

तेव्हा सहीच्या आधी वकील गाठा. कुठला? कौटुंबिक न्यायालयात वकील हा हक्क नाही. १९८४च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याचं कलम १३ तसं म्हणतं. प्रत्यक्षात परवानगीचा अर्ज द्यावा लागतो आणि आपल्याकडं तो सहसा मंजूर होतो. कौटुंबिक न्यायालय नसेल तिथं वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडं अर्ज जातो. बाई अर्जदार असेल तर ती राहते त्या ठिकाणी, म्हणजे माहेरच्या कोर्टातही दावा लावता येतो. मालमत्तेचे दावे चालवणारा नावाजलेला माणूस इथं उपयोगाचा असेलच असं नाही. समुपदेशकापुढं अशील कसं बसवायचं, हंगामी पोटगीच्या अर्जात काय मांडायचं, ही वेगळी सवय आहे.

पहिल्या भेटीत त्यांना थेट विचारा: डिक्रीनंतर एका वर्षानं माझं काय होईल? या प्रश्नावर 'ते नंतर बघू' असं उत्तर आलं, तर चहा पिऊन उठा. जो 'मिळेल त्या पोटगीत एवढे टक्के' म्हणतो त्याच्याकडून तर चहाही नको. बार कौन्सिलच्या नियमांत निकालावर अवलंबून फी घ्यायला मनाई आहे. 'शंभर टक्के काम करून देतो' म्हणणाऱ्याचंही तेच. वकीलपत्र न वाचता सही करू नका. त्यात तडजोड करण्याचा अधिकार वकिलाला दिलेला असतो, त्याची मर्यादा विचारून घ्या. फी टप्प्याटप्प्यानं ठरवा, पावती मागा, त्यात संकोच नको. वकील बदलायचा झाला तर फी थकली म्हणून तो फाइल अडवून ठेवू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००० सालीच हे सांगितलंय.

जाताना लग्नपत्रिका, फोटो, आधार तर न्याच, शिवाय बँकेची पासबुकं, पगाराची चिठ्ठी, कर्जाचे हप्ते, विम्याचे कागदही न्या. २०२०पासून पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही मिळकत आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. नवऱ्याच्या उत्पन्नाचा एखादा कागद तुमच्याकडं असेल तर त्याच्या प्रतिज्ञापत्रातली गाळलेली रक्कम तिथंच सापडते.

पैसे नसतील तर जिल्हा किंवा तालुका विधी सेवा समितीकडं जा. बाईला मोफत वकील मिळतो आणि तिच्या उत्पन्नाची अट नाही. १५१०० हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर.

मघाशी मागच्या रांगेतून एका काकांनी विचारलं, पुन्हा पटलं तर? पटतंही. डिक्रीनंतर काही जोडपी नांदायला लागतात. तेव्हा नुसतं घरी जाऊन थांबू नका. कलम १०च्याच दुसऱ्या पोटकलमाखाली डिक्री रद्द करण्याचा अर्ज द्या. दोघांपैकी कुणीही देऊ शकतं. नाहीतर तीन वर्षांनी पुन्हा बिनसलं की एकाला तो जुना कागद आठवतो, आणि आपण मधली तीन वर्षं एकत्र होतो हे दुसऱ्याला रेशनकार्डावरची नावं, शाळेतल्या सह्या आणि शेजाऱ्यांची साक्ष काढून सिद्ध करत बसावं लागतं.