देवळालीचा ताप

नमस्कार श्रोतेहो. घराच्या किल्ल्या चुकून फ्रिजमध्ये ठेवल्या की इंग्लंडातल्या एखाद्या आजीबाई हसत म्हणतात, ‘आय ॲम गोइंग डुलाली!’ म्हणजे माझं डोकं ठिकाणावर नाही. बोलणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसतं, की हे डुलाली म्हणजे आपली नाशिकजवळची देवळाली.

ब्रिटिशांच्या काळात देवळालीला लष्कराची मोठी छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई ठिकठिकाणच्या पलटणींतून इथं येत आणि मुंबईहून जहाज मिळेपर्यंत थांबत. पण सैनिकांना मायदेशी नेणारी जहाजं हिवाळ्याच्या मोसमातच सुटायची. मार्चनंतर ज्याची मुदत संपली, तो पुढचा मोसम येईपर्यंत अडकला. आधी उन्हाळा, मग नाशिकचा पाऊस, आणि हाताला धड काम नाही. दारू, जुगार, मारामाऱ्या सुरू व्हायच्या. कुणी कोठडीत जाई, कुणी इस्पितळात. वर्षानुवर्षं घराबाहेर काढलेल्या त्या पोरांची मला खरोखर कणव येते. घर तोंडावर आलेलं आणि जहाजाचा पत्ता नाही!

अशा भ्रमिष्टासारखं वागणाऱ्या शिपायाला सोबती म्हणत, ‘याला डुलाली टॅप झालाय.’ टॅप म्हणजे आपला ताप. पुढे ताप गळून पडला आणि देवळाली तेवढी उरली. आज हा शब्द स्वतःबद्दल किंवा जवळच्या मित्राबद्दल थट्टेनं वापरतात. खरोखरच मनाच्या आजारानं त्रासलेल्या माणसाबद्दल तो उच्चारू नये, फार लागतो.

शिपायांच्या तोंडून विलायतेला गेलेले असे आणखी शब्द आहेत. ‘हॅव अ डेको’, म्हणजे जरा बघ तर. यातला डेको हा हिंदीतला ‘देखो’. ‘पका’ म्हणजे अस्सल, एक नंबर. हा तर सरळ आपला पक्का. आरामाच्या, भरपूर पगाराच्या नोकरीला ‘कुशी जॉब’ म्हणतात, तो खुशीवरून आला असं मानतात. हे शब्द मित्रांत, घरात, दुकानात चालतात. नोकरीच्या अर्जात मात्र लिहू नका.

सगळ्यांत जीव लावणारा शब्द आहे ‘ब्लायटी’. आपल्याकडे त्यांच्या देशाला विलायत म्हणत, तिकडच्या वस्तूला विलायती. बिलायती असाही उच्चार होता. शिपायांनी त्याचंच ब्लायटी केलं आणि आपल्या घराला, आपल्या देशाला ते नाव दिलं. मायदेशाचं लाडकं नाव त्यांनी परक्या मुलखातून उचललं, याचं मला फार अप्रूप वाटतं. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात फ्रान्समधल्या खंदकांत तो घरोघरचा शब्द झाला. ‘ब्लायटी वन’ म्हणजे अशी जखम, जिच्यानं जीव जाणार नाही, पण माणसाला उपचारांसाठी इंग्लंडला पाठवावंच लागेल. हातातून गोळी आरपार गेली, तर सोबती त्याला नशीबवान म्हणत. खंदकातल्या चिखलात आणि तोफांच्या माऱ्यात राहणाऱ्याला तसं वाटणं अगदी स्वाभाविक होतं. आज परदेशी राहणारा ब्रिटिश माणूस सुट्टीला घरी निघाला की म्हणतो, ‘बॅक टू ब्लायटी.’