मानधन: अर्धा किलो तूरडाळ

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय ते उलथापालथीच्या काळातल्या मुक्त लेखकाबद्दल. मुक्त म्हणजे पगारातून मुक्त. लेख छापून आला तर मानधन, तेही संपादकांना आठवेल तेव्हा.

२०२० आठवा. २२ मार्चला जनता कर्फ्यू, २५ पासून देशभर टाळेबंदी. पेपर काही दिवस दारात पडलाच नाही. मग आला, पण पापडासारखा पातळ होऊन. पुरवण्या गेल्या आणि पुरवण्यांबरोबर आमचे रकाने गेले. वर लोक म्हणायचे, "तुम्हाला काय, तुम्ही तसेही घरीच बसता!" मे महिन्यात सरकारनं आमच्यासारख्यांच्या मानधनावरचा टीडीएस, म्हणजे हातात येण्याआधीच कापला जाणारा कर, दहा टक्क्यांवरून साडेसातवर आणला. छान केलं. पण कापायला आधी मानधन तर हवं!

वेळ मात्र भरपूर होता. तरी लिहिणं होईना. समोर वाचणारा नसला की वाक्य लोळत पडतं. वेळ होता, वाचक नव्हता. हे ध्यानात ठेवा, कारण वाचक कुठे सापडला तेच आता सांगतो.

नागपुरात, महाल भागात, आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक किराणा दुकान आहे. दारात चुन्याचे गोल आखलेले, काउंटरपुढे दोरी बांधलेली आणि बाहेर एक काळा फळा. एरवी त्यावर साखरेचा भाव असायचा. त्या दिवसांत 'मास्क लावा, अंतर ठेवा' असं होतं आणि ते कोणी वाचत नव्हतं. एकदा शेठ मला म्हणाला, "भाऊ, तुम्ही पेपरात लिवता ना? असं काही लिवून द्या का मानूस थांबलाच पायजे."

मी दुसऱ्या दिवशी पानभर मजकूर घेऊन गेलो. शेठनं तो तराजूवर ठेवला, उभ्याउभ्या वाचला आणि परत केला. "बहोत लंबा हो गया, भाऊ. फळ्यावर मावलं पायजे. अन् रांगेतल्या शेवटच्या मानसाले दिसलं पायजे."

पुन्हा सांगतो, कारण याहून चांगली सूचना मला एकाही संपादकानं दिलेली नाही: फळ्यावर मावलं पाहिजे आणि रांगेतल्या शेवटच्या माणसाला दिसलं पाहिजे.

मग मी खडू घेतला आणि लिहिलं, 'मास्क नाकाखाली असेल तर साखर पिशवीबाहेर मोजून मिळेल.' रांग हसली. चार-पाच हात गुपचूप नाकाकडे गेले. झालं, शेठला रोज नवी ओळ हवी झाली. सकाळी मी पोचायच्या आत लोक विचारायचे, "आज काय?" मानधन अर्धा किलो तूरडाळ, कधी वर चिवड्याचं पाकीट. हातोहात, आणि टीडीएस शून्य.

ऑगस्टात पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, हे नागपूरकराला सांगायला नको. बाकीच्यांसाठी: मारबत म्हणजे गावाची इडापिडा घेऊन जाणारा मोठा पुतळा, एक काळी आणि एक पिवळी. पण १८८० च्या दशकापासून निघणाऱ्या काळ्या-पिवळीची मिरवणूक त्या वर्षी निघाली नाही. मी फळ्याच्या तळाशी फक्त 'घेऊन जाय गे मारबत!' लिहिलं आणि वरची जागा मोकळी सोडली. शेठनं सुतळीला खडू बांधला, शेजारी सॅनिटायझरची बाटली टांगली.

संध्याकाळपर्यंत फळा भरला. कोरोना होताच. त्याखाली 'लाइट बिल', कारण तेव्हाची बिलं तुम्हाला आठवत असतीलच. मग 'ऑनलाइन शाळा'. मग बायकी अक्षरात 'नवऱ्याचं घरून काम'. आणि अगदी कोपऱ्यात, बारीक अक्षरात, 'शेठची उधारी घेऊन जाय गे मारबत'.

शेठ ते बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं, आता फळा आत जाणार. त्यानं अंगठ्यानं त्या ओळीतला 'घे' पुसला आणि तिथे 'दे' लिहिला. शेठची उधारी देऊन जाय गे मारबत! गल्ली खो-खो हसली आणि त्या आठवड्यात दोघांनी खरंच उधारी फेडली. लेखनाचा इतका रोकडा परिणाम माझ्या एकाही लेखानं कधी केला नव्हता.

जाता जाता एक सांगतो, विषय नाही तरी. हल्ली बडग्यांच्या, म्हणजे मारबतीसोबत निघणाऱ्या टीकेच्या पुतळ्यांच्या, मागे इतका डीजे वाजतो की बडग्याच्या पोटावरची पाटी वाचायला कोणी थांबत नाही. खरा मजकूर तिथेच असतो हो! असो.

दिवाळी अंकांची आपली परंपरा १९०९ च्या 'मनोरंजन'पासूनची. २०२० मध्ये काही अंक छापलेच गेले नाहीत, ते मोबाइलवर आले. छापले गेले तेही रोडावलेले. तशाच एका अंकाला मी फळ्यावरच्या निवडक ओळी पाठवल्या. संपादकांचा फोन आला, "सुंदर आहे हो, पण फारच त्रोटक झालंय. जरा वाढवून देता का? दोन पानं भरायची आहेत."

दिलं वाढवून. मानधनाचं मात्र विचारू नका.