कापडाचा ताण आणि हाताचा दाब

उपस्थित मित्रहो, टफ्टिंग गनने, म्हणजे ताणलेल्या कापडात लोकरीचे टाके घालणाऱ्या हातातल्या यंत्राने, गालिचा करायला शिकू पाहणारी व्यक्ती बहुतेक वेळा मनात एखादी नक्षी घेऊनच येते आणि ती नक्षी लोकरीत उतरलेली तिला लवकरात लवकर पाहायची असते. यंत्रही त्या घाईला साथ देते, कारण ते एका सेकंदात अनेक टाके घालते आणि बघता बघता रंगाचा मोठा पट्टा भरून टाकते. मी हे काम आधी शिकलो आणि पुढे इतरांना शिकवले. त्या अनुभवातून आज एकच गोष्ट मांडायची आहे, ती अशी की गालिचा चांगला किंवा वाईट होतो तो कापडाच्या ताणावर आणि हाताच्या दाबावर, आणि नक्षीला हात घालण्याआधी या दोन्हींची ओळख व्हायला हवी.

प्रथम यंत्राच्या आत काय घडते ते पाहू. गनच्या पुढच्या टोकाला एक पोकळ सुई असते आणि तिच्यातून लोकर पुढे येते. सुई कापडातून आरपार जाते, लोकरीचा फास पलीकडे नेते आणि परत येते. गालिच्याच्या दर्शनी बाजूवर उभ्या राहणाऱ्या लोकरीच्या थराला लव म्हणतात. कापीव लव देणाऱ्या गनमध्ये सुईबरोबरच एक लहान कात्री पुढेमागे होते आणि प्रत्येक फास पलीकडच्या बाजूला कापते. त्यामुळे तिथे लोकरीची दोन मोकळी टोके उभी राहतात. फासाची लव देणाऱ्या गनमध्ये कात्री नसते, म्हणून लोकर अखंड राहते. दोन्ही प्रकारांत आपण गालिच्याच्या मागच्या बाजूने काम करत असतो, त्यामुळे नक्षी कापडावर उलटी काढावी लागते. अक्षरे असतील तर हे विशेष सांभाळावे. सुई आणि कात्री पलीकडे बाहेर पडत असल्यामुळे गन चालू असताना चौकटीच्या त्या बाजूला कोणीही उभे राहू नये, आणि आपला दुसरा हात तर तिकडे कधीच नेऊ नये.

आता कापडाकडे वळू. या कामाला सैल पण समान विणीचे, मजबूत सुती किंवा पॉलिएस्टर मिश्रित कापड लागते. ते लाकडी चौकटीवर, तिरप्या खिळ्यांच्या पट्ट्यांमध्ये अडकवून ताणतात. समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने ओढत जावे आणि विणीतील उभे-आडवे धागे सरळ आहेत ना, हे पुन्हा पुन्हा पाहावे. पुरेसा ताण आला की बोटाने टिचकी मारल्यावर कापड ढोलकीच्या पुडीसारखे वाजते. माझ्या पहिल्या तुकड्याचे कापड मध्यभागी किंचित ढिले होते. सुई आली की ते मागे सरायचे, टाका अर्धवट बसायचा, आणि मी मात्र यंत्राचे स्क्रू फिरवत बसलो होतो. दोन दिवसांनी कापड उतरवून नव्याने ताणले, तेव्हा तीच गन निमूटपणे चालू लागली. कामाच्या ओघातही ताण कमी होत जातो, म्हणून मध्येच थांबून कापड पुन्हा ओढून घ्यावे. यात गेलेला वेळ वाया जात नाही.

दाबाची गोष्ट शब्दांत सांगायला अधिक अवघड आहे. सुईच्या बाजूला असलेला धातूचा सपाट पाय कापडाला सतत टेकलेला राहिला पाहिजे. आधी सुई कापडात रोवायची, मग घोडा दाबायचा आणि मगच गन पुढे न्यायची. थांबताना आधी घोडा सोडायचा आणि नंतर गन बाहेर काढायची. हा क्रम उलटला की लोकर निसटते किंवा कापड फाटते. गन एकाच दिशेने पुढे जाते, म्हणून वळण घेताना केवळ मनगट न वळवता संपूर्ण यंत्र त्या दिशेला फिरवावे लागते. शिकणाऱ्याने सुरुवातीला खालून वर जाणाऱ्या सरळ ओळीच घालाव्यात, अगदी कंटाळा येईपर्यंत. त्या जमल्या की मग नक्षीच्या कडा आधी आणि आतला भाग नंतर, असा क्रम ठेवता येतो. लोकर गुंडाळलेला शंकूच्या आकाराचा कोन मोकळेपणाने उलगडतो आहे ना, याकडेही लक्ष हवे, कारण लोकर मागून ओढली जात असेल तर नुकताच घातलेला टाका उपसून येतो.

ओळी विरळ पडल्या तर समोरून कापड दिसते, आणि फार दाट झाल्या तर कापडाची वीण तुटू लागते. चूक झाली तर लोकर उपसून काढता येते आणि विस्कटलेले धागे नखाने सारखे करून त्याच जागी पुन्हा टाके घालता येतात. ही सोय आहे, कारण इथे गाठ कुठेच नसते. हाताने गाठी मारून विणलेल्या गालिच्यात प्रत्येक धागा ताण्याला, म्हणजे विणीतल्या उभ्या धाग्यांना, बांधलेला असतो. टफ्टिंगमध्ये तो केवळ विणीच्या पकडीवर उभा असतो, आणि ही पकड पुढे पक्की करावी लागते.

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या डाल्टन गावी कॅथरीन इव्हान्स या मुलीने 1895 मध्ये हाताने टफ्टिंग केलेली पलंगाची चादर तयार केली. पुढे याच गावात यंत्रावर गालिचे करण्याचा मोठा उद्योग उभा राहिला. त्या चादरींवर जाड सुताचे टाके घालून ते कापत आणि मग चादर गरम पाण्यात धूत, म्हणजे कापड आटून सुताला घट्ट धरत असे. आपल्या गालिच्यात तेच काम लेटेक्सचा गोंद करतो. गोंद लावण्यापूर्वी गालिचा चौकटीवरून कधीही उतरवू नये, कारण ताण सुटताच कापड आकसते आणि नक्षी वेडीवाकडी होते. गोंद सर्व ओळींत नीट मुरेल असा पसरावा, खोली हवेशीर असावी, आणि तो पूर्ण वाळेपर्यंत हात लावण्याचा मोह आवरावा. ज्यांना लेटेक्सची ॲलर्जी आहे त्यांनी दुसरा गोंद निवडावा.

वाळल्यावर कडेला काही सेंटिमीटर कापड राखून गालिचा कापतात, कडा मागे दुमडून चिकटवतात आणि पाठीला अस्तर लावतात. मग कातरणी यंत्राने लव एकसारखी करायची असते. या वेळी तोंडाला मास्क हवाच, कारण तंतूंची बारीक धूळ फार उडते. दोन रंगांच्या सीमेवर कात्री जरा तिरपी धरून उथळ खाच पाडली की आकार उठून दिसतो. नव्या लोकरीच्या गालिच्यातून सुरुवातीचे काही दिवस सुटे तंतू निघत राहतात, त्याने घाबरून जाऊ नये. पण बोटांत धरून हलके ओढल्यावर अख्खा झुबकाच हाती आला, तर त्या जागी गोंद पोचलेला नाही, असे समजून अस्तर उघडावे आणि तेवढा भाग पुन्हा करावा.